कागदावरचा बळी

मी संशयी बाई आहे, हे मला कुणी सांगायला नको. कुणी फार गोड बोलायला लागलं की ह्याला माझ्याकडून काय हवंय, हे मी आधी शोधते. माहेरीही अशीच होते, सासरीही तशीच राहिले, आणि बहुतेक वेळा मीच बरोबर निघाले. पण एका रविवारी माझ्या संशयाने काय करून ठेवलं, ते मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. आज सांगते. मध्ये बोलू नका, मला राग येतो.

तेव्हा पंचावन्न साल होतं. आम्ही चामटोलीत राहायचो आणि आमचे हे अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात पिंपं उचलायच्या कामावर जायचे. मी नवऱ्याचं नाव घेत नाही. गाव त्यांना नाथा म्हणायचं, तेव्हा तुम्हीही नाथाच समजा. घरात आम्ही दोघं आणि सासू पुतळाबाई. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं, त्यामुळे माझा सगळा जीव त्या एका माणसात होता. हे मी तेव्हा तोंडाने बोलले नसते.

आदल्या पावसाळ्यात कल्याणकडची दोन माणसं आमच्या गावामागच्या डोंगरातली गुहा बघायला आली आणि आतच अडकली. दीड दिवसाने निघाली, त्यातल्या एकाचा पाय कायमचा गेला. त्यावरून म्हणे कारखान्याने बचाव पथक काढलं. दहा माणसं, दोर, कंदील, शिट्ट्या आणि दर रविवारी शिक्षण. पथकाचा मुख्य होता श्रीपाद दामले. कारखान्यात कामगारांच्या हजेरीच्या वेळा लिहायचा, लढाईच्या वेळी मिलिटरीत कारकुनी केलेली. डोळ्याला चष्मा, खाली हाफपँट, आणि काखेत सदानकदा एक इंग्रजी पुस्तक.

मला हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. उल्हास नदीत दर पावसाळ्यात कुणी ना कुणी वाहून जातं, त्यांना काढायला कधी कुणी पथक काढलं नाही. आणि गुहेत दोन हौशी लोक अडकले, तर यांना एवढा कळवळा? बरं, गुहा कुठली, तर आमची. तिच्यात धनाचे सात रांजण पुरलेले आहेत आणि त्यांच्यावर राखणदार बसलेला आहे, हे चामटोलीत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. डोंगराच्या मागच्या अंगाला एक फट आहे, तिच्यातून माणूस शिरत नाही, पण गुहेची आतली खोली दिसते. तिथूनही कुणी वाकून बघत नसे.

तरी मी गप्प होते. ह्यांना त्या पथकाचं वेड लागलं होतं. पथकात नाव झालं तर पिंपं उचलायची सुटतील आणि आगीच्या बंबावर कायम करतील, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. एका संध्याकाळी घरी आले ते हसतच. म्हणाले, आज आमचं वजन केलं. रंगाची पिंपं तोलतात त्या काट्यावर उभं केलं आणि वजन लिहून घेतलं. मग फितीने डोक्यापासून टाचेपर्यंत मोजलं. मग डॉक्टरने दात बघितले, छाती बघितली, अंगावर कुठे जखम नाही ना, ते बघितलं.

मी विचारलं, दहाही जणांचं केलं का? ते म्हणाले, छे, माझं एकट्याचंच. माणसाचं वजन कोण करतं? आमच्याकडे जत्रेला बोकड घेताना उचलून वजनाचा अंदाज घेतात आणि त्याला कुठे खोट नाही ना, ते बघतात.

त्यानंतर दोन दिवसांनी तो दामले सायकल मारत आमच्या दारात हजर. सासूबाईंनी पाट दिला, चहा दिला. त्याने विचारायला सुरुवात केली. नाथा अंधाराला भितो का? लहानपणी कधी बेशुद्ध पडला होता का? बराच वेळ न हलता पडून राहू शकेल का? मी दाराआड उभी राहून एकेक शब्द ऐकत होते. सासूबाईंना साहेब घरी आल्याचं कौतुक. त्या फुशारकीने म्हणाल्या, माझा नाथा पायाळू आहे, तो कशाला कुणाला भितोय.

आता पायाळू म्हणजे जन्मताना जो पायाकडून बाहेर आला तो. आणि पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, धन काढायचं असलं की पायाळूच लागतो, हे कुणाला सांगायला नको. म्हणून तर सासूबाईंनी ही गोष्ट जन्मभर झाकून ठेवली होती. त्या दिवशी त्यांची जीभ घसरली. दामले हसला आणि म्हणाला, "वा, मग तर प्रश्नच मिटला."

मी तो चहाचा कप दोनदा घासला.

त्या वर्षी गावात प्रौढांचा वर्ग निघाला होता आणि हट्टाने मी तिथे जायची. बाराखडी झाली होती, जोडाक्षरं नुकती सुरू झाली होती. सोमवारी ह्यांचा सदरा धुवायला काढला तर खिशात घडी घातलेला कागद. मी ओट्यावर बसून अक्षर अक्षर लावत वाचला. माझ्या आयुष्यात वर्गाबाहेर वाचलेला तो पहिला कागद. रविवार, असं वर लिहिलं होतं. मग, गुहा. मग सामान: दोर, कंदील, फळी, पट्ट्या, नारळ. आणि सगळ्यांत खाली बळी, आणि त्यापुढे ह्यांचं आख्खं नाव, बापाच्या नावासकट.

बळी या शब्दात जोडाक्षर नाही. मी तो पहिल्या फटक्यात वाचला. मग पुन्हा वाचला, मग बोट ठेवून वाचला. भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं तर त्या रविवारी अवस.

संध्याकाळी मी कागद ह्यांच्या पुढ्यात टाकला. विचारलं, हे काय आहे? ते हसायला लागले. म्हणाले, अगं बळी म्हणजे मी आडवा पडून राहणार, बाकीचे घाम गाळणार, यासारखं काम नाही. बळीने हलायचं नाही, बोलायचं नाही, एवढंच साहेबांनी सांगितलंय. मी म्हटलं, बळी देतात तेव्हा बोकडसुद्धा बोलत नाही. मग वजनाचं सांगितलं, दातांचं सांगितलं, पायाळूचं सांगितलं, अवसेचं सांगितलं. ते ऐकून आणखीच हसले. वाचायला शिकलीस आणि डोक्याने गेलीस, म्हणाले.

मला त्या हसण्याचा इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण गावाशी बोलले. विहिरीवर बोलले, भात कांडताना बोलले, गावचा पाटील हरिचंद्र होता त्याच्या ओसरीवर जाऊन कागद दाखवून बोलले. मला बोलता येतं, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येईल असं बोलता येतं. आधी बाया हसल्या, मग हसायच्या थांबल्या. म्हाताऱ्यांना जुन्या गोष्टी आठवल्या. राखणदाराला एकदा माणसाची चटक लागली की जवळ येईल त्याला ओढतो, असं कुणीतरी म्हणालं, आणि ते मीच पुढे दहा घरी सांगितलं. शनिवारपर्यंत गुरंसुद्धा कुणी डोंगराकडे सोडेना.

रविवारी सकाळी हे आंघोळ करून निघाले. मी दारात आडवी झाले. त्यांनी मला हळूच बाजूला केलं, रागावले नाहीत. "संध्याकाळी येतो ना गं," म्हणाले. त्या बोलण्यात काही वाईट नव्हतं, पण मला तेही खोटं वाटलं.

मी त्यांच्या मागोमाग गेले. लांबून बघितलं, गुहेच्या तोंडाशी दामले आणि पथकातले दहाही जण जमले होते. कामगारांनीच नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, आणि सगळे आत गेले. मी डोंगराला वळसा घालून मागच्या फटीपाशी गेले. राखणदाराची भीती होतीच, पण त्यापेक्षा मोठी भीती ह्यांच्या जिवाची होती. मी पालथी पडले आणि आत बघितलं.

खाली कंदील होता. माझा नवरा एका फळीवर आडवा होता. पाय बांधलेले, हात अंगाशी बांधलेले, छातीवरून दोर आवळलेला आणि डोळ्यांवर पांढरी पट्टी. त्याच्या डोक्याशी दामले उभा राहून पुस्तकातून काहीतरी मोठ्याने वाचत होता, आणि ती भाषा आपली नव्हती.

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. गुहेत तो आवाज गेला आणि दसपट होऊन घुमला, खालची माणसं दचकून वर बघायला लागली. मी उठले आणि गावाकडे पळत सुटले. वाटेत पडले, गुडघा फुटला, तशीच पळाले. गावात शिरून एवढंच म्हटलं की बांधलाय, डोळे बांधलेत, मंत्र चाललाय. आठ दिवसांची तयारी होती. काठ्या, कोयते, जे हाताला येईल ते घेऊन चाळीस माणसं निघाली.

पुढचं फार पटकन झालं. आरडाओरडा ऐकून आतली माणसं बघायला बाहेर आली, ती सरळ काठ्यांसमोरच. त्यांनी काय झालं ते विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात दगड सुटले. नऊ जण बदलापूरच्या रस्त्याने जीव घेऊन पळाले. दामले खडकावरून घसरला, त्याचा घोटा मुरगळला आणि तो सापडला. चष्मा फुटला होता, कपाळातून रक्त येत होतं. गड्यांनी त्याला झाडाला टेकवून बसवलं आणि पुढे काय करायचं, यावर वाद सुरू झाला.

मी म्हटलं, आधी माझा माणूस बाहेर काढा. कुणी हललं नाही. हरिचंद्र पाटलाने गुहेच्या तोंडाकडे बघितलं आणि नजर खाली घातली. मी त्याच्या भावाला म्हटलं, तोही मागे सरकला. राखणदार जागा झालाय, अवसेचा दिवस आहे, उद्या भगताला आणू, असं पुटपुटायला लागले. चाळीस गडी, हातात कोयते, आणि एकाचीही आत पाऊल टाकायची हिंमत नव्हती. मी त्यांना नाही नाही ते बोलले. पण ती भीती त्यांच्यात कुणी घातली होती, ते मला बोलता बोलताच कळलं.

तेव्हा दामले बोलला.

"बाई, मला नंतर मारा. आधी आत जा. नाथा पाण्याच्या खड्ड्याच्या काठावर आहे. फळी खड्ड्यावरून ओढून न्यायची होती, आम्ही ती अर्धवट टाकून आलो. खाली फक्त एक दगड लावलाय. तो धडपडला तर बांधलेला पाण्यात जाईल."

"बांधला तुम्हीच," मी म्हटलं.

"शिकायला बांधला. पाय मोडलेला माणूस फळीला बांधूनच काढावा लागतो, नाहीतर अरुंद जागेत त्याला वेदना होतात. डोक्याला लागलं असं समजून पट्टी बांधली. हे बघा."

त्याने पुस्तक उघडलं. त्यात चित्र होतं. फळी, तिच्यावर माणूस, तसाच दोर, तशीच पट्टी, आणि त्याला उचलणारे दोघे. तिसऱ्या चित्रात तोच माणूस बाहेर उन्हात बसून पेल्याने काहीतरी पीत होता. पहिल्या चित्राच्या बाजूला पेन्सिलीने मराठीत लिहिलं होतं. मी वाचलं. बळी.

मी त्यावर बोट ठेवलं. तो म्हणाला, इंग्रजीत संकटात सापडलेल्या माणसाला एक शब्द आहे, त्याला मराठी शब्द दुसरा सुचला नाही. वर्तमानपत्रात लिहितात ना, अपघातात दोन बळी, तसं. वजन कशाला केलं, तर फळी किती भार घेईल ते बघायला. ह्यांनाच का निवडलं, तर सगळ्यांत सडपातळ तेच होते. आणि पायाळूचं ऐकून तुम्ही खूश का झालात, असं मी विचारलं, तर त्याने कपाळावरचं रक्त बाहीने पुसलं. मग म्हणाला, "मी नुसता विनोद केला हो."

त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे मला तेव्हाही कळत नव्हतं. खरं सांगते, मनात आलं की हा मलाही आत पाठवतोय, एकाच्या जागी दोन. पण पाण्याच्या खड्ड्याचं खरं असलं तर? मी पदर खोचला. गड्यांना म्हटलं, आत येऊ नका, निदान दोर तरी धरा. तेवढं त्यांनी कबूल केलं.

दामलेने स्वतःच्या हाताने माझ्या कमरेला दोर बांधला. एक हिसका दिला तर थांबायचं, दोन दिले तर ओढायचं, हे मला आणि गड्यांना तीनतीनदा म्हणायला लावलं. आत गेल्यावर एक नळीसारखी अरुंद वाट आहे, तिथे डोकं खाली ठेवून कोपरांवर सरकायचं. पलीकडे गेलात की डावा हात भिंतीवरून सोडू नका, उजवीकडे खड्डा आहे. नाथाला एकदम हात लावू नका. हातात बॅटरी दिली. गाठी सुटायच्या नाहीत, आतल्या ओलीने आवळल्या असतील, म्हणून मी एकाचा कोयता घेऊन कमरेला खोचला.

त्या नळीत माझे खांदे दोन्हीकडून घासत होते. दोन्ही हात सरकायला लागत होते, म्हणून बॅटरी दातात धरली होती. वटवाघळांचा वास नाकात बसला होता. कोयत्याचं टोक दगडावर खरखर वाजत होतं. राखणदार मला एकदाही आठवला नाही. मला फक्त सकाळी दारातून मला बाजूला करणारा तो हात आठवत होता. बाई, तू काय केलंस, हे एकच डोक्यात चाललं होतं.

नळी संपली आणि बॅटरीचा उजेड त्यांच्यावर पडला. फळी तशीच होती, पायाकडचा भाग खड्ड्यावर निघालेला. खाली काळं पाणी. त्यांना दिसत काही नव्हतं, डोळे बांधलेले. दोन तास तो माणूस अंधारात तसा पडला होता. आधी कुठूनतरी वरून बाईची किंकाळी, मग साहेब आणि सोबती टाकून गेलेले, मग बाहेर आरडाओरडा, मग सगळं गप्प. आणि आता दगडावर लोखंड घासत कुणीतरी जवळ येत होतं.

त्यांचं अंग थरथरायला लागलं. फळी कुरकुरली.

"कोन हाय?" ते म्हणाले. मी बोलायला गेले, तर जबडा आखडला होता, बॅटरी दातातून सुटेना. "जो कोन असशील तो, मना मारू नको. माझी बायको सांगत व्हती. बळी देनार तुला, बोलली. मी हसलो तिला. ती खरी व्हती रं. तुलशी खरी व्हती. मना एकडाव घरी जाव दे, तिला सांगायचं हाय, का तू खरी व्हतीस."

आणि ते रडायला लागले. चार वर्षांत मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. रडण्याने छाती हलत होती, छातीबरोबर दोर, दोराबरोबर फळी. खालचा दगड सुटला आणि पाण्यात पडला. फळी वीतभर पुढे गेली.

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगते. आठ दिवस मला एवढंच ऐकायचं होतं. तू बरोबर होतीस तुळशे, असं त्या एका माणसाने एकदा म्हणावं, बाकी काही नको. ते मी ऐकलं, तेव्हा तो माणूस बांधलेला होता आणि ती फळी काठावर सोडायला मीच लावलं होतं.

मी बॅटरी दातातून ओढून काढली. ओठ फाटला.

"अवो," मी म्हटलं, "तुलशी चुकली. हालू नका."

ते श्वास धरून पडून राहिले. मी फळीवर त्यांच्या डोक्याच्या बाजूने सगळा भार टाकून ती जागच्या जागी दाबून धरली, आणि पहिली गाठ कापली.